हाक ज्याची

दाभणात दुहेरी दोरा ओवून इलाही नदाफानं पॅडचा तुटका पट्टा गुडघ्यांत धरला आणि पहिला टाका घातला. समोर प्रांजल एका पायात पॅड बांधून आणि दुसरा पाय मोकळा ठेवून बगळ्यासारखी उभी होती. मैदानात नुकतीच दुसरी विकेट पडली होती. अंपायर घड्याळाकडे बघत होते.

"सर, आवरा की!"

"आवरतोय. घरातनं निघताना बघावं पट्टा धड हाय का तुटलाय. वरात दारात आल्यावर न्हवं."

"सकाळी धड व्हता."

"सकाळी समदंच धड असतंय."

तिसऱ्या टाक्याला गाठ मारून त्यानं दोरा दातानं तोडला. पलूसला गाद्या शिवण्यात उभा जन्म गेलेला तो हात. पॅड फाटला असता, पण टाका उसवला नसता. प्रांजलनं पट्टा आवळला, हेल्मेट डोक्यात दाबलं आणि बॅट काखेला मारून ती पळत सुटली. बॅटिंगला जाताना पाया पडायची सगळ्या पोरींची खोड इलाहीनं केव्हाच मोडली होती. तुम्ही वाकेपर्यंत बॉलर दम खाऊन घेतो, असं त्याचं म्हणणं.

सांगलीच्या त्या मैदानावर आज एकोणीस वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर अशा चार जिल्ह्यांतल्या पोरी दोन संघांत मिसळून खेळवत होते आणि त्यातून राज्याच्या शिबिराला कोण जाणार हे संध्याकाळी ठरणार होतं. बॅटिंगची एकच जागा शिल्लक आहे, ही बातमी सकाळी नऊलाच फाटकाजवळच्या चहावाल्यापर्यंत पोचली होती. प्रांजलचं हे शेवटचं साल. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. गेल्या खेपेला ती पहिल्याच बॉलवर गेली होती, त्याच्या आधी ऐन वेळी टायफॉईड झाला होता. इलाहीच्या कृष्णाकाठ क्लबातून जिल्ह्याच्या संघात अकरा पोरी गेल्या, पण राज्याचं दार एकीलाही उघडलं नव्हतं. आज उघडलं तर उघडलं.

आणि ते उघडायचं ज्यांच्या हातात होतं, ते हंबीरराव जगदाळे मंडपात पांढरी टोपी घालून बसले होते.

हंबीरराव म्हणजे काय चीज होती, हे आताच्या पोरांना मोबाईलवर शोधून सापडायचं नाही. ते देशाकडून खेळले नाहीत. का खेळले नाहीत, यावर तासगावपासून कराडपर्यंतच्या पारांवर भांडणं झाली, एकदा तर उंब्रजच्या बाजारात एकानं दुसऱ्याची टोपी उडवली. अडतीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, काथ्याच्या मॅटवर, हंबीरराव दीड दिवस बॅटिंग करत होते. मॅटवरून बॉल कढईतल्या लाहीसारखा उडायचा. पहिल्या अर्ध्या तासात दोघांची बोटं फुटली. हंबीरराव मात्र प्रत्येक बॉल नाकाखाली घेऊन असा मऊ ठेवत, की तो पायाशी येऊन बसायचा. इलाही तेव्हा वीस वर्षांचा होता आणि नेटमध्ये त्यांना बॉलिंग टाकायला गेला होता. दोन तास टाकल्यावर हंबीरराव म्हणाले होते, "टप्पा चांगला आहे." त्या तीन शब्दांवर गड्यानं अडतीस वर्षं काढली. त्याची बायको मेहरुनबी म्हणायची, निकाहात माझ्या नावाला तीनदाच कबूल म्हणालात, हंबीररावाचं नाव मात्र दिवसातनं तीसदा घेता.

पण इलाहीनं हंबीररावांकडून घेतलं ते बॅटिंगचं नव्हतं. ते एक वाक्य होतं. त्या सामन्यात संध्याकाळी तंबूच्या मागं इलाही पॅड वाळत घालत होता आणि आतून हंबीररावांचा आवाज आला: "हाक ज्याची, चूक त्याची!"

बस्स. इलाहीला त्यात अख्खं क्रिकेट दिसलं. रन काढताना दोघांत गोंधळ झाला, तर ज्यानं हाक दिली त्यानं आऊट व्हायचं आणि दुसऱ्याला वाचवायचं. रडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. एवढा मोठा खेळाडू, आणि चूक पहिल्यांदा स्वतःच्या पदरात घेतो! क्लबाच्या शेडच्या पत्र्यावर इलाहीनं ते वाक्य लाल रंगात लिहवून घेतलं आणि खाली हंबीररावांचं नाव घातलं. बॅट धरायच्या आधी पोरींना ते पाठ करावं लागायचं.

हाकेवर इलाहीचं फार प्रेम. पहिल्यांदा त्याच्याही पोरी 'येस', 'नो' असंच ओरडायच्या, पण ते 'नो' इतकं पडेल यायचं, की पाहुण्यानं वाढणाऱ्याला भिडेनं नको म्हणावं. बारा वर्षांपूर्वी एकदा प्रांजलचा आजा ज्योतिबा मेंढरं घेऊन मैदानाच्या कडेनं चालला होता. चार मेंढरं कालव्यापल्याड गेली तसा म्हातारा असा ओरडला, की मेंढरं तर थांबलीच, कव्हरला उभी असलेली आयेशाही थांबली आणि कॅच सुटला. इलाहीनं कपाळावर हात मारून घेतला. पोटातनं येते ती हाक! त्या दिवसापासून क्लबात 'येस' गेलं आणि 'हाय' आलं, 'नो' जाऊन 'न्हाई' आलं, आणि थांबायचं असलं की 'दम'. पलूसच्या पोरी रन काढायला लागल्या की बघणारे हसायचे. हसेनात का! रनआऊट मात्र दुसऱ्यांच्या पोरी व्हायच्या.

प्रांजलबरोबर आज पलीकडच्या टोकाला मलकापूरची स्वप्नाली देसाई होती. इंग्रजी शाळेतली, खाजगी अकादमीत शिकलेली, हात मोठे गोड. खरं सांगायचं तर ती एक जागा हिच्यात आणि प्रांजलमध्ये होती, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. पहिल्या रनला प्रांजल "हाय!" म्हणून ओरडली तेव्हा स्वप्नाली क्षणभर बघतच राहिली, मग हसून पळाली. चार ओव्हरींत तिला ते अंगवळणी पडलं. दोघींनी असे काही रन चोरले, की फिल्डर एकमेकींवर डाफरायला लागल्या.

आणि प्रांजल खेळत होती तरी कशी! बॉल उशिरा, अगदी नाकाखाली घेत होती. इलाहीनं मंडपाकडे पाहिलं. हंबीरराव खुर्चीत पुढं सरकून बसले होते. असं खेळताना त्यानं आयुष्यात एकाच माणसाला पाहिलं होतं, आणि तो माणूस आता तिच्याकडे बघत होता.

एकोणिसाव्या ओव्हरीला प्रांजल त्रेचाळीसवर होती. वारं सुटलं होतं. कुणीतरी फाटकात गाडी लावली होती आणि ती काढा म्हणून स्पीकरवरून ओरडणं चाललं होतं. प्रांजलनं बॉल कव्हरकडे ढकलला, तिथली फिल्डर चपळ होती, म्हणून तिनं जीव खाऊन हाक दिली.

"न्हाईऽऽ!"

स्वप्नालीला पहिला 'न' ऐकूच गेला नाही. वाऱ्यानं आणि स्पीकरनं मिळून तो खाल्ला. तिच्यापर्यंत पोचलं ते मागचं 'हाई' एवढं शेपूट, आणि गेला तासभर त्याचा अर्थ एकच होता: रन आहे, पळ. ती मान खाली घालून सुटली ती थेट प्रांजलपाशी आली. दोघी एकाच टोकाला. पलीकडचं टोक मोकळं. कव्हरच्या पोरीनं बॉल उचलला.

प्रांजल क्रीजमध्ये होती. तिनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, की स्वप्नाली आऊट. हाक बरोबर, जागा बरोबर, कायदा तिच्या बाजूनं. आणि ती जागाही तिचीच झाली असती.

इलाहीच्या तोंडून शब्द गेला, "थांब."

प्रांजलनं स्वप्नालीला हातानं क्रीजच्या आत ढकललं आणि ती पळाली. पोचणार नाही हे ठाऊक असलेलं माणूस जसं पळतं तसं नाही, पुरा जीव लावून पळाली. ती अर्ध्यात होती तेव्हा बेल्स उडाल्या.

बाहेर येऊन तिनं हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. मग तीच म्हणाली, "माझी हाक व्हती, सर."

"व्हय," इलाही म्हणाला.

स्वप्नालीनं एकाहत्तर केल्या. डाव संपल्यावर ती पॅड न सोडताच प्रांजलकडे आली. डोळे भरलेले.

"मला हाय ऐकू आलं गं. शप्पथ. तू का पळालीस पण?"

"मग काय दोघींनी तिथंच उभं राहून गप्पा मारायच्या?" प्रांजल म्हणाली. "चल, वडापाव खाऊ. लय भूक लागलीया."

त्या दोघी गेल्या आणि इलाही बाकावर एकटा राहिला. दोष स्वप्नालीचा नव्हता. प्रांजलचा तर नव्हताच. दोष त्या हाकेचा होता, आणि हाक कुणी शिकवली? साऱ्या राज्यात पोरी 'येस', 'नो' म्हणतात, यानंच तेवढी अक्कल पाजळली होती. पलूसच्या मैदानावर ठीक होतं. तिथं प्रत्येकीला प्रत्येकीचा सूर ठाऊक. पण परक्या मुलीला 'हाय' आणि 'न्हाई' वाऱ्यात सारखंच ऐकू येईल, हे या शहाण्याच्या डोक्यात बारा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. आपल्या हौसेपायी आपण पोरीचं वाटोळं केलं, असं त्याला वाटलं.

इलाहीनं आजवर कुणाच्या टेबलापुढं जाऊन शब्द टाकला नव्हता. पण आता प्रश्न वशिल्याचा नव्हता. तो उठला, टोपी काढून हातात घेतली आणि मंडपात गेला. बाकीचे दोघे निवडकर्ते स्कोअररशी बोलत होते. हंबीरराव एकटेच चहा पीत होते.

"साहेब, मी पलूसचा इलाही नदाफ. तुमाला नेटला बॉल टाकलेत मी. या हितंच."

हंबीररावांनी त्याला नीट न्याहाळलं. "नाही बाबा आठवत."

"न्हाईच आठवायचं. लय जणं व्हते." इलाहीनं टोपीची कड चिमटीत धरली. "ती त्रेचाळीसवर आऊट झाली ती माझी पोरगी. म्हणजे माझ्या क्लबातली. मी काय मागाय आलो न्हाई. फकस्त चूक तिच्या नावावर लिवू नका. हाक मी शिकिवलीया, 'न्हाई' म्हणायची. दुसरीला ती उलटी ऐकू गेली."

"ते आलं माझ्या लक्षात. साताऱ्याकडचाच आहे मी." हंबीररावांनी कप बशीत ठेवला. "मला दुसरंच कळत नाहीये. ती थांबली असती तर दुसरी आऊट होत होती. ही का पळाली?"

"तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं?"

"हाक ज्याची, चूक त्याची. तुमीच म्हणला व्हता की, साहेब. आमच्या शेडवर लिवलंय, खाली तुमचं नाव हाय. पोरी पाठ करत्यात."

हंबीररावांनी हळू आवाजात विचारलं, "हे कुठं ऐकलंस तू?"

इलाहीनं सांगितलं. तो मॅटवरचा सामना, ती संध्याकाळ, तंबूच्या मागं वाळत घातलेले पॅड, सगळं सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

"माझ्याबरोबर तेव्हा कोण खेळत होतं, आठवतं?"

"आठवतंय की. उंब्रजचा तानाजी. एकोणपन्नासवर रनआऊट झाला. हाक तुमची व्हती. म्हणून तर तुमी सांजच्याला..."

"इलाही," हंबीरराव म्हणाले, "मी 'ज्याची' म्हणालो नव्हतो. 'माझी' म्हणालो होतो."

इलाहीला कळलं नाही.

"कप्तान मला जाब विचारत होता. तानाजी समोरच बसला होता, बूट सोडत. मी ओरडलो, हाक माझी, चूक त्याची. हाक माझी होती, ती ऐकून पळाला नाही ही चूक त्याची. असं म्हणालो मी." त्यांनी कप बाजूला सारला. "खोटं होतं ते. हाकच वेडी होती. तो बिचारा एका शब्दानं बोलला नाही. पुढच्या सामन्याला त्याला घेतलं नाही. नंतरही कधी नाही. मी जन्मात अकराजणांना रनआऊट केलं असेल. स्वतः एकदाही गेलो नाही."

इलाही उभाच राहिला. तंबूचं कापड, वारं, आणि कापडाला लागलेला वीस वर्षांच्या पोराचा कान. 'माझी'चं 'ज्याची' झालं, आणि त्यावर त्यानं एक क्लब उभा केला. मग त्यानं हंबीररावांकडे पाहिलं. म्हातारा घाम पुसत होता. अडतीस वर्षांनी कुणीतरी आयतं मोठेपण ताटात वाढून पुढ्यात ठेवलं होतं. नुसतं 'हं' म्हणाला असता तरी खपून गेलं असतं. कुणाला कळणार होतं? इलाहीला भरून आलं. दीड दिवसाची ती बॅटिंग सोपी होती, हे अवघड होतं.

"पत्र्यावरचं नाव पुसून टाक," हंबीरराव म्हणाले. "घालायचंच असेल तर तानाजीचं घाल."

"त्याचं घालतो की. पण तुमचं पुसत न्हाई, साहेब. तुमचं नाव काढलं तर पोरी ऐकायच्या न्हाईत."

हंबीररावांना हसू आलं, पण ते पुरतं उमटलं नाही. स्कोअररजवळच्या दोघांशी ते पाच-दहा मिनिटं बोलले. यादीचा कागद इकडून तिकडं गेला, त्यावर एक ओळ वाढली. मग ते परत आले आणि म्हणाले, "पोरीला बोलव."

प्रांजल तोंड पुसत आली. हाताला अजून चटणी होती, ती तिनं पाठीमागं लपवली.

"त्या बॉलला हाक कुणाची होती?" हंबीररावांनी विचारलं.

"माझी."

"मग चूक?"

प्रांजलनं आधी इलाहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मास्तरानं आपलंच नाव आपल्याला विचारावं, तसं तिला वाटलं असावं.

"माझीच की. आवं साहेब, तुमीच म्हणलाय न्हवं?"

इलाहीनं मान खाली घातली. आता साहेब खरं काय ते सांगणार, असं त्याला वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं. मैदानावर दोन माणसं रोलर ओढत होती, त्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

"म्हणायला पाहिजे होतं," हंबीरराव म्हणाले, जवळजवळ स्वतःशीच. मग त्यांनी टोपी सारखी केली. "हे बघ, ते 'न्हाई' म्हणायचं आता सोड. नाशिकला तुझ्यासमोर कधी जळगावची पोरगी असेल, कधी नंदुरबारची. त्यांना तुझं ऐकू येईल भलतंच. 'नो' म्हणायला शिक. पंधरा दिवस आहेत."

"व्हय, साहेब."

"आणि त्या मलकापूरच्या पोरीलाही सांग. तीही असेल."

ते वळले आणि मंडपाच्या पलीकडे गाडीकडे चालायला लागले. चालताना डावा पाय किंचित ओढत होते. इलाही ते दिसेनासे होईपर्यंत बघत होता. प्रांजल मात्र विचारात पडली होती. दोनदा ओठातल्या ओठात 'नो' म्हणून बघितलं, तोंड वाकडं केलं.

"सर," तिनं विचारलं, "नाशिकला काय हाय?"

सामानाची पिशवी उचलायला म्हणून इलाही वाकला आणि जरा वेळ तसाच वाकून राहिला.

"तू हाईस," तो म्हणाला.